पुट अप विथ

इंग्रजी शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली. एवढ्या वर्षांत मुलांना सर्वांत जास्त कशाने छळले, असे कुणी विचारले तर मी फारसा विचार न करता सांगेन – फ्रेजल व्हर्बने. काळ समजावता येतो, प्रयोग बदलायला शिकवता येतात, स्पेलिंग घोकून घेता येते. पण 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर, मग 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे कसे काय, या प्रश्नाला उत्तर देताना भल्याभल्या शिक्षकांची तारांबळ उडते. 'लुक' म्हणजे बघणे. पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लुक डाउन' म्हणजे खाली बघणे, आणि त्याला 'ऑन' जोडला की तुच्छ लेखणे. एक छोटासा शब्द येऊन शेजारी बसतो आणि क्रियापदाचा स्वभावच बदलून टाकतो.

ही तक्रार आपल्याकडच्या मुलांचीच आहे, असे नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपला मोठा इंग्रजी कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेतच त्यांनी कबूल केले होते की, परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत अवघड जाते ती हीच गोष्ट. तेव्हा या क्रियापदांना स्वतःचे नावही नव्हते. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव रूढ झाले ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या 1925 च्या 'वर्ड्‌स अँड इडियम्स' या पुस्तकामुळे. हे नाव सुचवण्याचे श्रेय त्यांनी ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले आहे. म्हणजे भाषा शेकडो वर्षे जे बोलत आली, त्याचे बारसे अगदी अलीकडचे.

मी वर्गात एक युक्ती करत असे. मुलांना म्हणायचे, "अरे, हे काही इंग्रजांचे एकट्याचे नाही. आपणही हेच करतो. 'बोलणे' आणि 'बसणे' वेगळे. पण 'मी भलतेच बोलून बसलो' यात कोण बसले? 'खाऊन टाक' म्हणतो तेव्हा कुणी काही फेकते का? 'समजून घे' यात हातात काय घेतले?" मुले हसायची. मराठी दुसरे क्रियापद जोडून जे साधते, ते इंग्रजी अप, ऑफ, आउट, ऑन यांच्याकडून करून घेते. एवढे कळले की भीती निम्मी व्हायची. उरलेली निम्मी सरावाने जायची.

पण एका क्रियापदाने मला स्वतःला आयुष्यभर सोबत केली. ते म्हणजे 'पुट अप विथ'. बाजारातल्या गाईडमध्ये त्याच्यासमोर दोनच शब्द असायचे – सहन करणे. मुले ते पाठ करायची, परीक्षेत लिहायची, दोन गुण मिळवायची. मला मात्र ते दोन शब्द कधी पुरेसे वाटले नाहीत.

पहिली गोष्ट व्याकरणाची. हे तीन शब्दांचे क्रियापद आहे आणि तिन्ही शब्द एकमेकांना घट्ट धरून असतात. 'आय पुट अप विथ द नॉइज' असेच म्हणावे लागते. 'द नॉइज' उचलून मध्ये कोंबता येत नाही. बोलताना जोर 'अप'वर येतो. शेवटी शब्दयोगी अव्यय ठेवू नये असा एक कडक नियम जुने पंतोजी शिकवत. त्या नियमाची थट्टा म्हणून 'अप विथ विच आय विल नॉट पुट' असे एक वाकडेतिकडे वाक्य जगभर सांगितले जाते आणि ते चर्चिलसाहेबांच्या नावावर खपवले जाते. ते त्यांचेच असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. पण तीन शब्दांची ही मोळी सोडली की काय होते, हे त्या वाक्यातून छान कळते.

दुसरी गोष्ट वापराची, आणि ती जास्त महत्त्वाची. 'पुट अप विथ' सगळ्या दुःखांना लागत नाही. शेजारच्या लाउडस्पीकरला लागतो, गळक्या छपराला लागतो, साहेबाच्या तिरसट बोलण्याला, सतत उशिरा येणाऱ्या एसटीला लागतो. जवान मुलगा गेला, तर त्या दुःखाला कुणी इंग्रज 'पुट अप विथ' म्हणणार नाही. तिथे 'बेअर' येईल, 'एन्ड्युअर' येईल. 'पुट अप विथ' हा कटकटीचा शब्द आहे. आणखी एक, तो बहुतेक वेळा एकटा येत नाही. त्याच्या आधी 'हॅव टू' असते – भाग आहे; किंवा 'कान्ट' असते – आता होत नाही; किंवा 'व्होन्ट' – यापुढे करणार नाही. म्हणजे शब्दाच्या पोटातच एक कुंपण आहे. इथपर्यंत ठीक, पुढे नाही.

मराठीत याला एक शब्द नाही, अनेक आहेत, आणि प्रत्येकाचे ठिकाण ठरलेले आहे. आमटीत मीठ कमी पडले तर आपण 'चालवून घेतो'. सुनेच्या हातून काही राहिले तर शहाणी सासू 'सांभाळून घेते'. धाकट्याचा अपराध मोठा माणूस 'पोटात घालतो'. अपमान 'गिळावा' लागतो. आजार, गरिबी, बाळंतपणाच्या कळा 'सोसाव्या' लागतात. 'खपवून घेणे' हा शब्द तर बहुधा नकारातच भेटतो – 'खपवून घेतले जाणार नाही' असे पुढाऱ्यांच्या आणि पोलिसांच्या पत्रकात असते, आणि वाचणाऱ्याला माहीत असते की बरेच काही खपवून घेतले जाईल. रेल्वेच्या डब्यात तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि 'जरा अ‍ॅडजस्ट करा' म्हणतो. तोही 'पुट अप विथ'चाच आपला देशी अवतार.

आणि आमच्या घरात, म्हणजे तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात, आणखी दोन शब्द असतात. 'निभाना' आणि 'बर्दाश'. शाळेत, बाजारात, कचेरीत आमची मराठी. उंबऱ्याच्या आत दखनी. माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री दादीमाँनी मला जवळ बसवून सांगितले होते, "घर में भांडे रहे तो बजतेच, बेटी. बर्दाश कर लेना." तिने ते मायेने सांगितले. तिच्या आईनेही तिला तेच सांगितले असणार. तेव्हा मी मान डोलावली. शब्दाचा विचार पुढे, कोश चाळायची सवय लागल्यावर सुरू झाला.

'बर्दाश्त' हा शब्द फार्सी. 'बर' म्हणजे वर आणि 'दाश्तन' म्हणजे धरणे, बाळगणे. बर्दाश्त म्हणजे वर उचलून धरणे. फार्सीतला 'बर' आणि आपला मराठीतला 'वर' एकाच घराण्यातले, संस्कृत 'उपरि'चे भाऊबंद. आता इंग्रजी शब्द पाहा: 'पुट' आणि 'अप'. तिथेही वर ठेवणेच आहे. आपण ज्याला 'तहम्मुल' म्हणतो, त्या अरबी शब्दाचे मूळ ओझे वाहण्यात आहे. स्टेशनावरचा 'हमाल' त्याच मुळातून आला. इंग्रजी 'बेअर' म्हणजे वाहणे आणि सोसणेही. कुठल्याही मुलखातला माणूस असो, सहन करणे म्हणजे पाठीवर काहीतरी उचलून चालणे, हे त्याला आपसूक सुचलेले दिसते.

मात्र इंग्रजीत 'पुट अप'ची वाट थोडी वेगळी होती. सोळाव्या-सतराव्या शतकात 'पुट अप' म्हणजे एखादी वस्तू आवरून, जागच्या जागी ठेवून देणे. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये तलवार म्यान करण्याच्या आज्ञेला हेच शब्द वापरले आहेत. त्यावरूनच अपमान 'पुट अप' करणे असे म्हणू लागले. म्हणजे तो खिशात टाकणे, तलवार न उपसणे. शेपटीला 'विथ' नंतर लागला. आपला 'पोटात घालणे' याच्या किती जवळचा आहे पाहा! ज्याच्या कमरेला तलवार आहे, त्याने ती म्यान केली तर त्याला सहनशील म्हणायचे. ज्याच्याजवळ तलवारच नाही, त्याच्या गप्प बसण्याला काय म्हणायचे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त आनंद दिला ती सांगते. फार्सीतला हा 'बर्दाश्त' मराठीतही आला. पण मराठीत येताना त्याने अंगावरचे कपडे बदलले आणि तो 'बडदास्त' झाला. पाहुण्यांची बडदास्त ठेवणे – त्यांना राहायला जागा, निजायला अंथरूण, वेळेवर चहा-जेवण, काही कमी पडू न देणे. एकच शब्द. माझ्या घरात त्याचा अर्थ सोसणे आणि घराबाहेर त्याचा अर्थ पाहुणचार! आणि इंग्रजीतही नेमके हेच. 'पुट अप विथ समवन' म्हणजे त्या माणसाला कसेबसे सहन करणे. पण 'विथ' काढून टाकला आणि माणूस मध्ये घेतला, 'पुट समवन अप' म्हटले, की अर्थ झाला त्याला आपल्या घरी उतरवून घेणे, आसरा देणे. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता सोसणे आणि सामावून घेणे यांची सांगड घातली.

यातून गमतीही होतात. माझा भाचा शिकायला इंग्लंडला गेला, तेव्हा सुरुवातीचे दहा दिवस एका ओळखीच्या कुटुंबात राहिला. त्यांना त्याने आभाराचे पत्र लिहिले. 'मला ठेवून घेतल्याबद्दल' असे लिहायचे होते, लिहिले गेले 'मला सहन केल्याबद्दल'. त्या घरच्या आजीबाईंनी हसत त्याला सांगितले म्हणे, की दोन्ही खरे आहे. पाहुणचार करणारा थोडेफार सोसतोच. आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला हे वेगळे सांगायला नको.

त्याच भाच्याला परत आल्यावर पुण्यात नोकरी लागली आणि तो भाड्याने घर शोधू लागला. फोनवर सगळे जुळायचे. भाडे ठरायचे, अनामत ठरायची. मग नाव विचारले जायचे आणि तासाभरात घर 'गेलेले' असायचे. असे पाच-सहा वेळा झाले. तो चिडला, पण मला फोनवर म्हणाला, "खालाजान, वी हॅव टू पुट अप विथ इट." मी त्याला म्हटले, क्रियापद बरोबर आहे, पण जागा चुकली. एसटी उशिरा येणे आणि नाव ऐकून दार बंद होणे या एका पारड्यातल्या गोष्टी नाहीत. पुढे त्याच्या कचेरीतल्या एका मराठी मित्राच्या आईने त्याला तीन महिने आपल्या घरात ठेवून घेतले. सकाळी पोहे, रात्री गरम भाकरी. रमजान आला तेव्हा ती माउली सहरीसाठी गजर लावून उठायची. ही खरी बडदास्त.

वर्गातला एक प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. दहावीच्या सहामाहीत मी 'पुट अप विथ' वापरून वाक्य करा, असा प्रश्न घातला होता. चाळीस मुलांनी गाईडमधले वाक्य लिहिले: मी गोंगाट सहन करू शकत नाही. एका मुलीने स्वतःचे वाक्य लिहिले. 'माय मदर पुट्स अप विथ माय फादर्स बीटिंग.' कर्ता एकवचनी, क्रियापदाला एस लावलेला, 'फादर'ला षष्ठी बरोबर. व्याकरणात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. मी पूर्ण गुण दिले आणि ती उत्तरपत्रिका वेगळी काढून ठेवली.

दोन दिवसांनी मुलीला घरी सोडायच्या निमित्ताने मी आणि आमच्या शाळेतल्या एक ज्येष्ठ शिक्षिका तिच्या घरी गेलो. आई दारात बसून विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापून ठेवलेली पाने. आम्हाला बघून तिने पदर सारखा केला, पोरीला चहा टाकायला पाठवले. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी हळूच विषय काढला. ती हात न थांबवता म्हणाली, "क्या करना बाई, निभा लेनेका. जाना किदर?"

जाना किदर. मी एकतीस वर्षे ज्या शब्दाची फोड मुलांपुढे करत होते, त्याचे सगळे मर्म त्या दोन शब्दांत होते. ती बाई सहनशील होती म्हणून सहन करत नव्हती. तिला जायला जागा नव्हती म्हणून सहन करत होती. आपण दुरून बघणारे त्याला सोशिकपणा म्हणतो, त्याचे कौतुकही करतो, लेकीसुनांना त्याचे दाखले देतो. सब्र फार मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. पण सब्र माणूस स्वतः होऊन करतो, ती त्याची ताकद असते. दुसऱ्याने लादलेला मार मुकाट खाणे ही वेगळी गोष्ट, आणि या दोन गोष्टींना एकाच शब्दात गुंडाळणे हा त्या शब्दावरही अन्याय आहे.

कायदा तेव्हाही होता. सासरच्या छळाविरुद्धचे 498 अ हे कलम 1983 सालीच दंडसंहितेत आले होते. पण त्या कलमाने नवऱ्याला कोठडीत नेता येत होते. बाईने त्या रात्री झोपायचे कुठे, याचे उत्तर त्यात नव्हते. ते उत्तर देण्याचा प्रयत्न 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने केला. राहत्या घरात राहण्याचा बाईचा हक्क त्यात मान्य झाला, निवारागृहाची सोय सांगितली गेली. माझ्या भाषेत सांगायचे तर पहिला कायदा 'पुट अप विथ' करू नकोस म्हणाला, दुसऱ्याने 'पुट अप' कोण करणार, याचा विचार केला.

त्या बाईला कायद्यापर्यंत जावे लागले नाही. तिची थोरली बहीण जवळच्याच तालुक्याच्या गावी होती, दोन खोल्यांचे घर, घरात सात माणसे. ती एक दिवस येऊन बहिणीला आणि दोन्ही पोरींना घेऊन गेली. लोक बोलले. जमातीतले एक-दोन वडीलधारे समजावायला गेले. थोरली म्हणाली म्हणे, "मेरे घर में एक चटई और बिछेगी." पुढे चारएक महिन्यांनी नवरा चार माणसांसमोर कबुली देऊन गेला आणि मग ती परतली. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. पण हात उचलण्याआधी त्याला आता आठवत असावे की, हिला जायला जागा आहे. मुलगी दहावी झाली, पुढे परिचारिकेचा कोर्स केला. आज ती दोन मुलांची आई आहे.

एवढे सगळे झाल्यावर मी शिकवण्याची पद्धत थोडी बदलली. फळ्यावर 'पुट अप विथ' लिहिले की त्याच्याखाली लगेच 'पुट समवन अप' लिहू लागले. मुलांना सांगू लागले की हे दोन्ही जोडीने पाठ करा. पहिल्याचा अर्थ लिहिताना 'सहन करणे' एवढेच लिहू नका. काय सहन करणे तेही बघा. गोंगाट, गर्दी, उशीर, दुसऱ्याच्या खोडी, वेगळी चव, वेगळी रीत – हे सारे चालवून घ्यायला शिका, त्याशिवाय चार माणसांत राहता येत नाही. आपला देश असाच चालतो. एकाच भिंतीला टेकून कुणाची आरती, कुणाची अजान, कुणाचे भजन. पण मारहाण, अपमान, नाव ऐकून बंद होणारे दार, ही 'पुट अप विथ'च्या यादीतली नावे नाहीत. तिथे 'कान्ट' आणि 'व्होन्ट' वापरायला व्याकरणाची पूर्ण मुभा आहे.

सहिष्णुता हा शब्द आजकाल सभासंमेलनांत फार ऐकू येतो. मला त्यात नेहमी थोडी कुरकुर ऐकू येते. 'आम्ही तुम्हाला सहन करतो' असे कुणी म्हटले, तर त्यात उपकाराची भाषा असते आणि ऐकणारा मनातून अंग चोरतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याला नुसते सहन करावे, एवढीच अपेक्षा ठेवायची का? आपल्या मराठीने तर केव्हाच पुढची पायरी गाठून ठेवली आहे. फार्सीतून आलेल्या एका परक्या शब्दाला तिने घरात घेतले, त्याचा उच्चार आपल्या जिभेला जुळवून घेतला आणि सोसण्याच्या जागी पाहुणचाराचा अर्थ दिला. ज्या भाषेने शब्दाची एवढी बडदास्त ठेवली, ती बोलणाऱ्यांना माणसांची ठेवणे जड जाऊ नये.

दादीमाँ जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. माझ्या नातीचे लग्न ठरले आहे. रिवाजाप्रमाणे तिला जवळ बसवून चार गोष्टी सांगायची पाळी आता माझी. भांडी वाजतीलच, हे मी तिला सांगणार आहे, कारण ते खरेच आहे. मीठ कमी-जास्त झाले तर चालवून घे, माणसे सांभाळून घे, हेही सांगेन. आणि त्यापुढे एवढेच की, बेटी, या घरातली तुझी चटई आम्ही गुंडाळून ठेवलेली नाही.